वंशभेद, स्थलांतर आणि नशा: सोलापुरातून आमदार-खासदारांना निवेदन देताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं-पाचजण लोकांना निवेदनं लिहून द्यायला बसतो. फी नाही, चहा ज्याचा त्याने. आठवडाभर फोनवर प्रश्न येतात ते वेगळेच. त्यातले फिरून फिरून येणारे इथे एकत्र केलेत. तीन विषयांवरचेच घेतलेत, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. निवेदन चांगलं असतं, सह्या भरपूर असतात, पण ज्याच्या हातात कायदा नाही त्याच्या टेबलावर जाऊन पडतं.

१. निवेदन, विनंती अर्ज आणि याचिका एकच ना?

नाही. निवेदन म्हणजे आमदार, खासदार, मंत्री, जिल्हाधिकारी यांना दिलेलं साधं पत्र. त्याला नमुना नाही, फी नाही. विनंती अर्ज सभागृहाला उद्देशून असतो आणि त्याला सभागृहाचे नियम लागतात (प्रश्न ७). याचिका कोर्टात जाते: अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात किंवा ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात. "आम्ही आमदारांकडे याचिका दाखल केली" असं बातमीत वाचलं की समजा, पत्रच दिलंय.

२. आमचा खासदार सोलापूरचाच ना? मग बार्शीतून पाठवलेलं पत्र परत का आलं?

बार्शी जिल्ह्याने सोलापुरात, पण लोकसभेला धाराशिवला जोडलेली आहे. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे माढा लोकसभेत येतात, त्यात साताऱ्याचे फलटण आणि माणही आहेत. उरलेले सहा, म्हणजे शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर, हे सोलापूर लोकसभेत. जिल्ह्यातल्या ११ विधानसभा मतदारसंघांना मिळून असे तीन खासदार आहेत. जिल्हाभराचा प्रश्न असेल तर तिघांनाही वेगवेगळी पत्रं द्या.

एक दार लोक हमखास विसरतात. विधान परिषदेत पुणे विभागाचा पदवीधर आणि शिक्षक असा एकेक आमदार असतो. त्या मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर यांच्यासोबत आपला जिल्हाही आहे. विद्यापीठातला किंवा शाळेतला विषय असेल तर ते दार आधी वाजवा.

३. कोणता विषय दिल्लीचा आणि कोणता मुंबईचा?

निम्मं काम इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नागरिकत्व, परदेशी माणसं, देशात येणं-जाणं, पासपोर्ट आणि व्हिसा हे सगळं केंद्र सूचीत आहे. यावर विधानसभा कायदा करू शकत नाही. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्याकडे. दारूही राज्याकडे, म्हणूनच गुजरातेत बंदी आणि इकडे परवाना. अमली पदार्थ समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे दोघांचेही. पण मुख्य कायदा, १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा), संसदेचा आहे. शिक्षा किती, पदार्थ कोणते, 'अल्प' आणि 'व्यावसायिक' प्रमाण किती, हे दिल्लीत ठरतं. पोलीस पथक, व्यसनमुक्ती केंद्र, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि शाळेजवळची टपरी हे राज्याचं.

भेदभावाचं तसंच. ॲट्रॉसिटी कायदा संसदेचा, तो राबवायचा राज्याने. अनुसूचित जाती-जमातींच्या यादीत काही घालायचं वा काढायचं असेल तर फक्त संसद (प्रश्न ९).

एका निवेदनात दिल्लीची एक आणि मुंबईची दोन अशा मागण्या घातल्या की मुंबईवाला म्हणतो दिल्लीला विचारा, दिल्लीवाला म्हणतो राज्याचा विषय आहे. दोघंही अर्धे खरे असतात. तेव्हा पत्रं दोन करा.

४. किती सह्या झाल्या की सरकारला दखल घ्यावीच लागते?

असा आकडा आपल्याकडे नाही. ब्रिटनच्या संसदेच्या संकेतस्थळावर १०,००० सह्यांना सरकारचं उत्तर मिळतं आणि १,००,००० झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. ते वाचून आपली पोरं ऑनलाइन सह्यांच्या मागे लागतात. भारतात त्या सह्यांना कायद्याने वजन नाही. चार वर्तमानपत्रांत बातमी आली तर तेवढा उपयोग. मतदारसंघातल्या ३०० लोकांची नाव-पत्त्यासह कागदावरची सही आमदाराला जास्त टोचते, कारण ती मतं असतात.

सह्यांची संख्या कायद्याने मोजली जाते अशी एक जागा मात्र आहे: आडवी बाटली, म्हणजे दारूचं दुकान बंद करण्यासाठीचं मतदान (प्रश्न १५).

५. आमच्या आईला मराठी लिहिता येत नाही. तेलुगूत लिहिलं तर चालेल का?

चालेल. राज्यघटनेचं अनुच्छेद ३५० सांगतं की कोणत्याही व्यक्तीला गाऱ्हाणं मांडण्यासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड आणि जिकडेतिकडे उर्दू असलेल्या आपल्या गावाला हे कलम पाठ असायला हवं. आवक कक्षात "मराठीतच आणा" म्हणाले तर नम्रपणे कलम सांगा.

उत्तर मात्र त्याच भाषेत मिळेल असं कलम म्हणत नाही. त्यामुळे व्यवहार म्हणून आईच्या कागदाला मराठी तर्जुमा जोडा. तेलुगूतला मूळ कागद वर, मराठी खाली. मजकूर तिचा आहे, हे दिसलं पाहिजे. सही येत नसेल तर अंगठा चालतो, शेजारी ओळखणाऱ्याची सही घ्या. लोकसभेच्या विनंती अर्जाला भाषेचा नियम वेगळा आहे, तो प्रश्न ७ मध्ये.

६. मसुदा कसा लिहायचा?

एक पान, एक विषय आणि एकच मागणी. "तरुण पिढी उद्ध्वस्त होत आहे" या वाक्याने आमच्याकडे येणारी दहातली आठ निवेदनं सुरू होतात. वाचणाऱ्या स्वीय सहायकाचे डोळे तिथून थेट खालच्या सह्यांवर जातात.

"नशामुक्त सोलापूर करा" ही मागणी नव्हे, ती इच्छा झाली. मागणी अशी: "औद्योगिक वसाहतीतल्या बंद शेडची तपासणी किती झाली आणि पुढची कधी, हे उद्योगमंत्र्यांनी सभागृहात सांगावं, यासाठी आपण लक्षवेधी सूचना द्यावी." यात काय करायचं, कुणी आणि कुठे, हे तिन्ही आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूर-मोहोळ पट्ट्यात एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाच्या कारखान्यांवर बाहेरच्या शहरांतल्या पोलिसांनी येऊन छापे टाकले, हा संदर्भ दोन ओळींत पुरे.

भाषेबद्दल एवढंच, की रागावा पण शिव्या नकोत. आणि एखाद्या जमातीचं, गल्लीचं किंवा प्रांताचं नाव आरोपी म्हणून लिहू नका. त्याचं कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

७. आमदार-खासदार निवेदन घेऊन फोटो काढतात. त्यापुढे ते खरंच काय करू शकतात?

बरंच काही, पण सांगावं लागतं. आमदाराकडे तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा आणि अशासकीय विधेयक ही हत्यारं असतात. लक्षवेधीला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते कामकाजात छापून येतं. खासदाराकडे प्रश्न, शून्य प्रहर, नियम ३७७ खालची सूचना आणि खासगी विधेयक. निवेदनात यातलं एक नाव घेऊन मागा.

वेळही साधा. विधिमंडळाची अधिवेशनं तीन: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्नाची नोटीस बरीच आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन गेलात तर फोटोच मिळेल.

हे जमलं नाही तर विनंती अर्ज समिती. ती विधानसभा, विधान परिषद, लोकसभा आणि राज्यसभा या चारही ठिकाणी आहे. लोकसभेची समिती किमान १५ सदस्यांची, राज्यसभेची १० सदस्यांची. लोकसभेच्या समितीत मंत्री नसतात. लोकसभेला अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत लागतो. मराठीत केला तर त्याचं हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर, त्यावर सही करून, जोडायचं. अर्ज सभागृहाला उद्देशून असावा, शेवटी स्पष्ट प्रार्थना असावी आणि भाषा संयमाची. खासदारामार्फत मांडायचा तर त्याची प्रतिस्वाक्षरी हवी. कोर्टात चालू असलेला विषय, राज्य विधिमंडळाचा विषय आणि ज्यावर कायद्यात दुसरी दाद उपलब्ध आहे असा विषय तिथे घेत नाहीत.

आणखी एक खाच. "प्रत माहितीस्तव" म्हणून पंतप्रधानांपासून ग्रामसेवकापर्यंत १४ जणांची यादी टाकायची आपल्याला भारी हौस. दुसऱ्याला लिहिलेल्या पत्राची नुसती प्रत समिती विचारात घेत नाही. निनावी पत्रही नाही.

८. वंशवाद अमेरिकेत. आपल्याकडे जात आहे. मग 'वंशभेदाविरुद्ध' निवेदन कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्या दादांना मी एवढंच म्हणालो, जरा सेटलमेंटमध्ये चक्कर मारून या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवलं. त्या कायद्याखाली माणसं तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घ्यायची वसाहत आपल्याच शहरात होती, तीच ही सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. माणूस काय करतो यापेक्षा कुणाच्या पोटी आला हे पाहायचं, याला वंशभेद नाही तर काय म्हणायचं? राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान असे पाचही शब्द शेजारी-शेजारी आहेत.

कायदा गेला, सवय राहिली. चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या वस्तीत जाते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तुमच्या निवेदनासाठी दोन धागे आहेत. जुन्या कायद्याच्या जागी सराईत गुन्हेगार कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. हा राज्याचा विषय, म्हणजे आमदाराचा. दुसरा धागा ३ ऑक्टोबर २०२४ चा. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये असंही बजावलं. "या निकालानंतर राज्याने नियमावलीत काय बदललं?" हा तारांकित प्रश्नाचा तयार मजकूर आहे.

९. आम्ही कैकाडी. नागपूरच्या पाहुण्यांना एससीचा दाखला मिळतो, आम्हाला नाही. आमदारांना निवेदन द्यावं का?

द्या, पण मागणी नीट करा. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत, आपल्याकडे विमुक्त जातीत आहे. यालाच क्षेत्रबंधन म्हणतात. ते उठवायचं तर अनुच्छेद ३४१ प्रमाणे संसदेने कायदा करावा लागतो. आमदाराकडून मागायचं ते राज्य शासनाची शिफारस आणि पाठपुरावा. विधेयक खासदाराकडे मागायचं.

याचा दुसरा टोकदार परिणाम असा, की ॲट्रॉसिटी कायदा फक्त अनुसूचित जाती-जमातींना लागू आहे. म्हणजे त्याच शिवीला नागपुरात एक कायदा आणि सोलापुरात दुसरा. निवेदनात हे वाक्य जरूर लिहा, आम्ही पाहिलंय, ऐकणारा थांबतो.

१०. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये तपास रखडलाय. आमदार म्हणतात, मी पोलिसांच्या कामात कसा पडू?

तपासात पडू नये हे खरं. पण १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते, आणि जिल्ह्यातले खासदार-आमदार तिचे सदस्य असतात. बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. तेव्हा निवेदनात लिहा, "पुढच्या बैठकीत हा विषय कार्यसूचीवर घ्यावा." राज्यस्तरावर अशीच समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली असते, तिची बैठक वर्षातून किमान दोनदा, जानेवारी आणि जुलैत.

११. आमच्या भागात बांगलादेशी राहतात. 'त्यांना हाकला' असं निवेदन करून द्या.

असं आम्ही लिहून देत नाही. का, ते सांगतो.

बांगला बोलणारा प्रत्येक माणूस बांगलादेशी नसतो. सोन्याचं काम करणारे कितीतरी कारागीर पश्चिम बंगालचे आहेत. त्यांना इथे राहण्याचा हक्क अनुच्छेद १९ देतो, तुम्हाला कोलकात्यात राहण्याचा देतो तसाच. शिवाय वंश, जन्मस्थान किंवा भाषेवरून गटागटांत वैर वाढवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. निवेदन म्हणून छापलं तरी तो सुटत नाही.

कुणाबद्दल ठोस माहिती असेल तर ती पोलिसांना द्या, ती तक्रार झाली. धोरणाबद्दल बोलायचं असेल तर खासदार. १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास व परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू आहे. त्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे रद्द केले. आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यातही त्या माणसावरच आहे, आणि आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. ज्या वस्तीत जन्मदाखलाच नाही तिथे याचा अर्थ काय होतो, यावर खासदाराने बोलावं, हे मागणं रास्त आहे. आणि घुसखोरी रोखण्यासाठी सीमेवर काय केलं, हेही. दोन्ही बाजूंची निवेदनं आम्ही लिहून दिलीत, नावं न घेता.

१२. ऊसतोड कामगारांचं स्थलांतर यात येतं का?

इमिग्रेशन म्हणून नाही, ते देशातलं स्थलांतर आहे. पण कारखान्याच्या तळावर पाणी, संडास आणि पोरांची शाळा नसेल तर विषय कामगार आणि शिक्षण खात्याचा, म्हणजे आमदाराचा. बाहेरच्यांना हिणवणाऱ्यांना एक आठवण: चादरीने ज्या शहराचं नाव केलं, ती चादर विणणारे पद्मशाली विणकर तेलंगणाकडूनच आले. आखाती देशांत जाणाऱ्यांची फसवणूक मात्र उत्प्रवास कायदा, १९८३ खाली येते. ते दिल्लीचं.

१३. ईशान्येकडच्या मुलांना 'चायनीज' म्हणून चिडवतात. याला कायदा आहे का?

वेगळा कायदा नाही. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर बेझबरुआ समितीने दंड संहितेत नवी कलमं घालण्याची शिफारस केली, ती झाली नाहीत. पीडित अनुसूचित जमातीचा असेल तर ॲट्रॉसिटीचा विचार होऊ शकतो. वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९६८ मध्ये मान्य केलाय. खासदाराला पत्र लिहिताना समितीची शिफारस आणि हा करार, दोन्हींचा उल्लेख करा.

१४. एमडी विकणाऱ्याला फाशी द्या, अशी मागणी करायचीय. आणि गांजा कायदेशीर करा अशी मागणी केली तर आत टाकतील का?

एकाच आठवड्यात, एकाच कॉलेजातून आलेले हे दोन फोन.

पहिल्याचं उत्तर: मागायचं तर मागा, पण आधी आहे ते वाचा. एमडी ५० ग्रॅमच्या किंवा गांजा २० किलोच्या वर गेला की व्यावसायिक प्रमाण धरतात. त्याला १० ते २० वर्षं सक्तमजुरी आणि जामिनाला कलम ३७ ची भिंत. ठरावीक प्रमाणाच्या पुन्हा केलेल्या गुन्ह्याला कलम ३१अ मध्ये फाशी आधीच आहे. २०१४ च्या दुरुस्तीने ती सक्तीची न राहता न्यायालयाच्या विवेकावर आली, एवढंच. राज्यात एमपीडीए (खटल्याआधीच स्थानबद्ध करण्याचा कायदा) आहे आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अमली पदार्थांचे गुन्हे मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, आणणारी दुरुस्तीही मंजूर झाली. माझं मत विचाराल तर शिक्षा कमी आहे म्हणून केस सुटत नाही, पंचनाम्यात आणि नमुन्यात सुटते. प्रयोगशाळा मागा.

दुसऱ्याचं उत्तर: कायदा बदला म्हणणं हा गुन्हा नाही. गांजा जवळ बाळगणं, ओढणं आणि विकणं हा आहे. निवेदनात "आम्ही रोज ओढतो" अशी कबुली देऊ नका, म्हणजे झालं. एनडीपीएसमध्ये गांजाच्या व्याख्येत शेंडे येतात, शेंड्यांशिवायची पानं नाहीत. महाशिवरात्रीची भांग म्हणूनच वेगळी. तागासारख्या धाग्यासाठी लागवडीची वाट कलम १४ मध्ये आहे. आणि व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. हे कलम आईबापांना कुणी सांगत नाही. मदतीसाठी १४४४६, विक्रीची माहिती द्यायला १९३३.

१५. गल्लीतलं दारूचं दुकान बंद करायचंय. आमदार ऐकत नाहीत.

आमदारांशिवायही होतं. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो आणि गुप्त मतदान होतं. उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). नुसत्या झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. ज्या घरी बसल्या त्या उभ्या बाटलीच्याच मोजल्या गेल्यासारख्या.

हे परवान्याच्या दुकानाला. हातभट्टीला आणि भेसळीच्या शिंदीला मतदान कशाला, ती बेकायदाच आहे. तिथे निवेदनात बंदीसोबत रोजगारही मागा. २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन'मध्ये मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी छाप्यांसोबत दुसरा धंदा उभा करून द्यायचा प्रयत्न केला, त्याचा दाखला द्या. आणि "तांड्यावरचे लोक असेच" हे वाक्य मसुद्यात आलं असेल तर प्रश्न ८ वाचा.

१६. कॉलेजचे विद्यार्थी, सरकारी नोकर, परदेशी माणूस सही करू शकतात का?

अनुच्छेद ३५० "प्रत्येक व्यक्ती" म्हणतं, "प्रत्येक नागरिक" नव्हे. म्हणून विद्यार्थी आणि परदेशी माणूसही निवेदन देऊ शकतात. सरकारी नोकराने वर्तणूक नियम पाहावेत, शासनाच्या धोरणावर जाहीर टीका अंगाशी येते. त्यांच्या घरच्यांनी सही करावी, हा आमचा नेहमीचा सल्ला.

१७. मोर्चाने जाऊन निवेदन द्यायचं असेल तर?

शहरात बऱ्याचदा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा आदेश असतो, पाच किंवा जास्त जण जमायला परवानगी लागते. धरण्याची नेहमीची जागा असलेल्या पूनम गेटसमोर बसायचं तरी आधी पोलिसांना अर्ज द्या. लोकशाही दिन, म्हणजे महिन्याचा पहिला सोमवार, वैयक्तिक गाऱ्हाण्यासाठी असतो, धोरणासाठी नाही.

१८. निवेदन दिलं, सहा महिने झाले, काहीच कळलं नाही.

पोच घेतली होती का? आवक क्रमांक आणि तारीख असेल तर माहिती अधिकारात ज्या कार्यालयाला ते दिलं किंवा पाठवलं तिथे विचारा: या क्रमांकावर आजवर काय कार्यवाही झाली, फाईलवरच्या टिपणीसह. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

१९. सही केली, पण आता घरातून दबाव आहे. मागे घेता येईल का?

साध्या निवेदनात तसं पत्र दिलं की झालं. आडव्या बाटलीत पडताळणीच्या दिवशी "सही माझी नाही" म्हटलं की ती गेली, आणि दुकानदाराची माणसं आदल्या रात्री घरोघर फिरतात ती त्यासाठीच. म्हणून अक्का-मावशींना आमचं एकच सांगणं असतं: २५ टक्क्यांवर थांबू नका, ३५ पर्यंत जा, आणि पडताळणीला एकेकटीने नको, गल्लीने मिळून जा.